झिजलेल्या भोकाचा हिशेब

मोटारीच्या पुढच्या ॲक्सलमधले काही भाग हलण्यासाठी केलेले असतात, काही मुळीच हलू नयेत म्हणून. हलणारे भाग झिजतात, आणि ते झिजावेत अशीच योजना असते. पिन कडक पोलादाची, बुश तिच्यापेक्षा मऊ ब्राँझचे, मध्ये ग्रीस. काही वर्षांनी बुश काढून टाकायचे, नवे ठोकायचे, की झालं. पंचाईत होते ती न हलणारे भाग हलू लागले की. ऑस्टिन सेव्हन या जुन्या इंग्लिश गाडीचा पुढचा ॲक्सल हे त्याचं ठळक उदाहरण. नव्वद-शंभर वर्षांच्या या गाड्या इंग्लंडमध्ये आजही लोकांच्या घरच्या गॅरेजात सुट्या करून मांडलेल्या असतात, आणि त्या पुन्हा उभ्या करणारा माणूस कधी ना कधी ॲक्सलच्या टोकाशी असलेल्या एका भोकापाशी येऊन अडतो. भोक गोल हवं, पण बोटाला ते लंबगोल लागतं.

या भोकाची गोष्ट कळायला गाडीचा जन्म थोडा माहीत हवा. 1921 साली ऑस्टिन मोटर कंपनीचा कारभार रिसीव्हरच्या हाती गेला होता. मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक नव्हतं, त्यात ब्रिटनमध्ये त्याच वर्षापासून हॉर्सपॉवरमागे एक पौंड असा वार्षिक कर बसला. बेताच्या कमाईची कुटुंबं मोटारसायकलला साइडकार जोडून फिरत होती. हर्बर्ट ऑस्टिन यांनी ठरवलं की त्या साइडकारच्या जागेत मावेल अशी, पण खरीखुरी चारचाकी गाडी करायची. संचालकांना हे पटेना. मग ऑस्टिन यांनी ड्रॉइंग ऑफिसातल्या स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला हाताशी धरलं, लिकी ग्रेंज या आपल्या घरी बिलियर्डच्या खोलीत बसवलं, आणि तिथे गाडीचे आराखडे तयार झाले. 1922 च्या उन्हाळ्यात गाडी जाहीर झाली तेव्हा किंमत होती 165 पौंड. इंजिन आधी 696 सीसीचं आणि लवकरच 747 सीसीचं झालं. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर सव्वासहा फूट, वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास. 1939 पर्यंत सुमारे 2,90,000 गाड्या निघाल्या. त्यातल्या काही युक्त्यांची पेटंट ऑस्टिन यांच्या स्वतःच्या नावावर होती, त्यामुळे प्रत्येक गाडीमागे दोन गिनी त्यांच्या खिशात पडत. संचालकांनी नाही म्हटल्याचा फायदा असाही झाला म्हणायचा.

ही गाडी परवान्यावर परदेशातही बनली. जर्मनीत आयसेनाखच्या डिक्सी कारखान्यात ती तयार होऊ लागली. 1928 मध्ये बीएमडब्ल्यूने तो कारखाना विकत घेतला आणि त्या कंपनीची मोटारनिर्मिती या ऑस्टिनपासूनच सुरू झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी अमेरिकन ऑस्टिन निघाली. तिचीच पुढे अमेरिकन बँटम झाली, आणि 1940 साली सैन्यासाठी पहिल्या जीपचा नमुना या बँटमने करून दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी ज्या विलीज जीप जोडल्या, त्यांचं मूळ असं फिरून बटलरपर्यंत जातं.

आता ॲक्सलकडे. एवढी हलकी गाडी करायची तर प्रत्येक भाग बारीक करावा लागतो. सेव्हनच्या पुढच्या ॲक्सलचा बीम घडीव पोलादाचा, एच आकाराच्या छेदाचा आहे, पण इतका सडपातळ की पहिल्यांदा हातात घेणारा माणूस उरलेला भाग कुठे आहे म्हणून विचारतो. त्याच्या टोकाला किंगपिनसाठी, म्हणजे चाक जिच्याभोवती डावीउजवीकडे वळतं त्या पिनसाठी, जे उभं भोक आहे, ज्याला आय म्हणतात, त्याच्याभोवतीही पोलाद जेमतेम आहे. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण दुरुस्तीचा सगळा वाद पुढे त्या जेमतेम पोलादावरूनच होतो.

चासी वरून पाहिली तर इंग्रजी ए अक्षरासारखी. तिच्या निमुळत्या नाकाला एक आडवा कमानपाटा मधोमध आवळलेला असतो आणि त्याची दोन टोकं शॅकलने बीमला जोडलेली असतात. बीमने पुढेमागे सरकू नये म्हणून दोन्ही टोकांकडून एकेक रेडियस रॉड मागे येतो. दोन्ही रॉड व्ही आकारात एका गोळ्यापाशी मिळतात आणि तो गोळा चासीच्या आडव्या पट्टीवरच्या कपात बसतो. पाटा वजन पेलतो आणि ब्रेक मारल्यावर बीमला जो पीळ बसतो तो या रॉडांवर येतो. रचना इतकी साधी आहे की एका दुपारी सगळा पुढचा भाग जमिनीवर काढून ठेवता येतो.

बीमच्या आयमध्ये किंगपिन बसते आणि ती तिथे फिरायची नाही. तिला जखडते एक आडवी कॉटर पिन. जुन्या काळ्या सायकलीचं पायडल ज्याने कधी क्रँकसकट उतरवलं आहे त्याला ही चीज वेगळी सांगायला नको: एका अंगाला उतरती कापलेली छोटी पिन, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. नट आवळला की कॉटरची सपाट बाजू किंगपिनवरच्या खाचेत पाचरीसारखी ओढली जाते. स्टब ॲक्सल, म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो भाग, दुबेळक्यासारखा असतो. त्याचा एक कान आयच्या वर, एक खाली. दोन्ही कानांत बुश, आणि त्या बुशांतून जाणाऱ्या किंगपिनभोवती चाक डावीउजवीकडे वळतं. गाडीचं वजन बीमकडून स्टबच्या खालच्या कानावर येतं, म्हणून आय आणि खालचा कान यांच्यामध्ये थ्रस्ट वॉशर.

झीज नेमकी कुठे होते हे बळांवरून ताडता येतं. चाक किंगपिनच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे रस्ता चाकाला खालून वर रेटतो तेव्हा स्टबचा वरचा कान आत ढकलला जातो आणि खालचा बाहेर ओढला जातो. त्यामुळे वरचा बुश एका बाजूला घासतो, खालचा नेमका उलट बाजूला. बुश बरेच गेले की चाकाचा माथा आत झुकतो. नव्या गाडीची पुढची चाकं वरून किंचित बाहेर झुकलेली असतात. जुन्या गाडीला समोर उभं राहून पाहिलं आणि तो झोक नाहीसा झालेला दिसला, तर हात लावण्याआधीच अर्धं निदान झालं.

बुशांची ही झीज सरळमार्गी. आयची झीज मात्र आळसातून सुरू होते. गाडीला ग्रीस मिळालं नाही की बुश आणि किंगपिन एकमेकांना धरू लागतात. चालक स्टिअरिंग तर वळवणारच. मग किंगपिन बुशात फिरायची ती बुशासकट फिरायचा प्रयत्न करते, आणि सगळा पीळ त्या बारक्या कॉटरवर येतो. कॉटर थोडी दबते, नट थोडा सैल पडतो, आणि किंगपिन आयमध्ये केसभर हलते. तिथे ग्रीस जाण्याची सोयच नाही, कारण तिथे हालचाल गृहीत धरलेली नव्हती. पोलादावर पोलाद कोरडं घासतं, लालसर तपकिरी भुकटी पडते, आणि ती भुकटीच पुढे घासणीचं काम करते. आयच्या कडेला गंजासारखी ही रेघ दिसली की कॉटर कितीही आवळली तरी उपयोग नसतो. भोक मोठं झालेलं असतं.

ही ढिलाई नुसती खटखटीवर थांबत नाही. अखंड बीमच्या गाडीत एक चाक खळग्यावरून वर उचललं गेलं की दुसऱ्या टोकापर्यंतचा सगळा ॲक्सल कलतो. फिरणाऱ्या चाकाची पातळी अशी अचानक बदलली की ते आपोआप एका बाजूला वळू पाहतं. सगळे सांधे घट्ट असतील तर हा झटका तिथेच मरतो. सांधे सैल असतील तर चाक वळतं, परत येतं, पलीकडे जातं, आणि ठराविक वेगाला दोन्ही चाकं थडथडू लागतात. इंग्रजीत शिमी म्हणतात ती हीच. 1920 च्या दशकात फुगीर टायर आणि पुढचे ब्रेक आले तशी ही डोकेदुखी सगळ्याच कंपन्यांना होऊ लागली. रोल्स-रॉइस सोडून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्लिश इंजिनिअरने तिचा छडा लावला, आणि 1934 च्या अमेरिकन मॉडेलांपासून पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र लटकवायला सुरुवात झाली. मोटारींतून पुढचा अखंड बीम हळूहळू गेला. ट्रकमधून मात्र तो गेलेला नाही, पण त्याविषयी नंतर.

तपासणी सोपी आहे. चाक जमिनीवरून उचलायचं, टायर वर आणि खाली धरून हलवायचा. खटखट जाणवली तर ती चाकाच्या बेअरिंगची की किंगपिनची हे ओळखायचं, त्यासाठी ब्रेक लावून पुन्हा हलवायचं. ब्रेकमुळे चाक आणि स्टब एक होतात, म्हणून बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. उरतो तो किंगपिनचा. एरवी ब्रेक दाबायला दुसरा माणूस लागतो. पण 1930 पर्यंतच्या सेव्हनमध्ये पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा ब्रेक पुढच्या चाकांना होता. लीव्हर ओढून ठेवला की एकट्याचं काम भागतं. रस्त्यावर त्या व्यवस्थेबद्दल कुणी फार चांगलं बोलत नाही, गॅरेजात तिचा असा उपयोग होतो. यानंतर पाहायचं ते हलतंय कुठे. स्टब किंगपिनवर हलतो की किंगपिनच आयमध्ये हलते? आय आणि किंगपिन यांच्या सीमेवर बोटाचं टोक ठेवून दुसऱ्या हाताने चाक हलवलं तर डोळ्याला न दिसणारी हालचालही बोटाला कळते.

सुटं करताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती कॉटर. नट काढला आणि हातोडा मारला की आट्यांचं टोक फुगतं, आणि फुगलं की पिन त्या भोकातून निघत नाही. म्हणून नट पूर्ण काढायचा नाही. आट्यांच्या टोकाशी सपाटीला येईल एवढा ठेवायचा आणि खाली भक्कम आधार देऊन एकच जोरदार घाव घालायचा. दहा हलके घाव म्हणजे कॉटरचा सत्यानाश. आधी दोन दिवस गंज सोडवणारं तेल मुरवत ठेवलं तर काम बरंच हलकं होतं. तरीही नाही निघाली तर ड्रिलने पोखरून काढावी लागते. तिथे ड्रिल वाकडं गेलं तर आयचं निरोगी पोलाद जातं, म्हणून हे काम हाताच्या ड्रिलने न करता मशिनवर ॲक्सल बांधूनच करायला हवं. किंगपिन मग प्रेसने उतरते.

आता मोजमाप. भोक एकाच जागी मोजून चालत नाही. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना: गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्या दिशेने. बळं रुंदीच्या दिशेने जास्त येतात, म्हणून लंबगोलाची लांब बाजू बहुधा तिकडे असते, आणि भोकाची दोन तोंडं मधल्या भागापेक्षा जास्त फाकलेली असतात. आपल्याकडचे टर्नर ज्याला थाऊ म्हणतात त्या इंचाच्या हजाराव्या भागांत हे सगळं चालतं. बुश आणि किंगपिन यांच्यात एक-दोन थाऊची फट हवीच, ग्रीसला जागा लागते. आयमध्ये किंगपिनला एक थाऊसुद्धा मोकळीक नको.

भोक वाढलेलं निघालं की तीन वाटा असतात.

पहिली वाट जुगाडाची, आणि ती जगभर चालते. किंगपिनवर सेंटर पंचने गोल ठिपके मारायचे म्हणजे धातू वर उठून पिन जाड होते. किंवा पातळ पत्र्याची पट्टी पिनभोवती गुंडाळून ठोकायची. गाडी विकायची असेल तर हे पुरतं. उठवलेले ठिपके काही आठवड्यांत चपटे होतात आणि तोवर त्यांनी भोकाची आतली भिंत ओरबाडलेली असते.

दुसरी वाट ओव्हरसाइझ किंगपिनची. जुन्या गाड्यांचे सुटे भाग करणारे लोक मूळ मापापेक्षा थोड्या जाड किंगपिन विकतात. भोक रीमरने त्या मापाला गोल करून घ्यायचं, नवी पिन बसवायची, स्टबचे बुशही त्याच मापाला रीम करायचे. स्वस्त, जलद, आणि एकदा करायला काहीच हरकत नाही. पण प्रत्येक वेळी आयमधलं पोलाद कमी होतं, आणि ते मुळात किती होतं हे वर सांगितलंच आहे. शिवाय बाजारात मिळणारे ॲक्सल नव्वद वर्षांत कुणाकुणाच्या हातून गेले आहेत ते कुणालाच माहीत नसतं. आधीच एकदा वाढवलेलं भोक पुन्हा वाढवलं जातं, आणि मग डाव्या बाजूची पिन एका मापाची, उजवीकडची दुसऱ्या, असे ॲक्सल सर्रास सापडतात.

तिसरी वाट स्लीव्हची. भोक मुद्दाम थोडं मोठं बोअर करून त्यात पोलादी नळी घट्ट बसवायची आणि नळीच्या आत मूळ माप परत आणायचं. यातही बीमचं पोलाद एकदा जातं, ओव्हरसाइझपेक्षा जास्तच जातं. पण गेलं की त्याचा हिशेब तिथे संपतो. पुढची झीज स्लीव्हची होईल, बीमची नाही. पुन्हा गरज पडली तर स्लीव्ह बदलायची. माझं मत या वाटेच्या बाजूने आहे, फक्त एक अट घालून: काम बोअरिंग मशिनवर व्हावं आणि मशिनवर बसणाऱ्याने मूळ भोकाचा अक्ष शोधून काढलेला असावा. झिजलेल्या भोकाला मध्य मानून बोअर केलं तर झिजेचा वाकडेपणा कायमचा कोरला जातो. किंगपिन गाडीत उभी सरळ नसते. तिचा माथा किंचित आत आणि किंचित मागे झुकलेला असतो. वळवून सोडल्यावर चाक आपोआप सरळ होतं ते या झुकावांमुळे. मागचा झुकाव दोन टोकांना एक अंशाने जरी वेगळा झाला तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि मालक मग टायर, पाटा, स्टिअरिंग सगळं बदलत बसतो. म्हणून दोन्ही आय एकाच मांडणीत, बीम न सोडता तपासायच्या असतात, झिजेपासून वाचलेल्या कडेवरून मूळ अक्ष ताडायचा असतो. स्लीव्ह बसल्यावर कॉटरचं भोक तिच्यातून पुन्हा पाडायचं राहतं. ते आयच्या जुन्या भोकाशी तंतोतंत जुळलं नाही तर कॉटर नीट ओढली जात नाही, आणि आजार पुन्हा पहिल्यापासून सुरू.

वेल्डिंगने भोक भरून पुन्हा बोअर करण्याची चौथी वाटही काही जण सुचवतात. घडीव पोलादाला त्या उष्णतेने काय होतं ते बाहेरून दिसत नाही. वेल्डलगतचा पट्टा ठिसूळ होऊ शकतो, तडे तिथूनच सुटतात, आणि हा भाग गाडीचं पुढचं वजन पेलणारा आहे. घरच्या गॅरेजात तरी ते करू नये. वाकलेला बीम सरळ करायचा तर तोही थंडच, प्रेसखाली, दोरी आणि ओळंबा लावून मापं घेत.

या सगळ्यात जुना भाग वाचवण्याबद्दल जी श्रद्धा असते ती स्टब ॲक्सलपाशी बाजूला ठेवावी. बीम वाचवा, किंगपिन बदला, पण स्टबशी भावनेने वागू नका. चाकाचं सगळं वजन, खळग्यांचे धक्के, ब्रेकचा पीळ हे त्याच्या मुळाशी, जिथे दांडी दुबेळक्याला मिळते त्या कोपऱ्यात एकवटतं. वर्षानुवर्षं कमीजास्त होणाऱ्या ताणाने तिथे केसासारखा तडा सुरू होतो आणि एखाद्या दिवशी दांडी चाकासकट निघून जाते. म्हणून स्टब धुऊन, रंग काढून, चुंबकीय कण लावून तपासून घ्यायचा. लोखंडी भागात चुंबकत्व आणलं की तड्यापाशी कण गोळा होतात, आणि अतिनील दिव्याखाली चमकणारी रेघ दिसते. याची घरगुती आवृत्ती जुन्या रेल्वे वर्कशॉपांतली: भाग तेलात बुडवून ठेवायचा, पुसून कोरडा करायचा, त्यावर खडूच्या भुकटीचा पातळ लेप द्यायचा. तड्यात शिरलेलं तेल झिरपून पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. मोठे तडे याने कळतात, बारीक निसटू शकतात. शंका आली तर नवा स्टब घ्यावा. क्लबांनी आणि लहान कारखान्यांनी सेव्हनचे बहुतेक भाग नव्याने करून विकायला ठेवले आहेत, त्यामुळे इथे जुन्यासाठी हट्ट धरायला कारणच उरत नाही.

हे सगळं आपल्याकडे कुणाला दूरचं वाटायचं कारण नाही. मालट्रकच्या पुढे आजही असाच घडीव बीम असतो, त्याच्या टोकाला आय, आयमध्ये जखडलेली किंगपिन, भोवती दुबेळक्याचा स्टब. हायवेलगतच्या कुठल्याही ट्रक गॅरेजात किंगपिन आणि बुश बदलणं हे नेहमीचं काम आहे, आणि रीमर चालवणारा हात तिथे रोज तयार होतो. असे बीम घडवणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक पुण्यात मुंढव्याला आहे: 1961 साली स्थापन झालेली भारत फोर्ज क्रँकशाफ्टइतकीच ट्रकच्या पुढच्या ॲक्सल बीमसाठीही ओळखली जाते. पूर्वी कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत बीम नव्हता, चाकं स्वतंत्र लटकवलेली होती, पण किंगपिन तिलाही होती. ग्रीसगन वेळच्या वेळी न लावल्याचे परिणाम मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना कुणी शिकवावे लागले नाहीत. फरक प्रमाणाचा आहे. ट्रकच्या आयला भरपूर पोलाद असतं, तिथे एखाद-दोन ओव्हरसाइझ सहज पचतात. सेव्हनला ती चैन नाही.

सेव्हनच्या ॲक्सलची दुसरीही एक परंपरा आहे: दुरुस्ती सोडून सरळ तो कापण्याची. मोडीत निघालेली सेव्हन घ्यायची, बॉडी उतरवायची, हलकी पत्र्याची बॉडी चढवून स्पर्धेला न्यायची, याला इंग्लंडमध्ये स्पेशल म्हणतात, आणि गाडी स्वस्त असल्यामुळे पोरंही ते करू शकत. 1939 मध्ये स्थापन झालेला 750 मोटर क्लब या मंडळींचाच. कॉलिन चॅपमन यांनी 1948 मध्ये पहिली लोटस ऑस्टिन सेव्हनवरच बांधली. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लॅरेन पंधराव्या वर्षी पहिल्या स्पर्धेत उतरले ते सेव्हनच्या अल्स्टर मॉडेलमध्ये. तीसच्या दशकात लेस्ली बॅलमी यांनी बीम मधोमध कापून तिथे बिजागरी घालण्याची युक्ती काढली. त्यामुळे पुढची चाकं एकमेकांपासून सुटी झाली. खळगा आला की चाकाचा कल मात्र जरा जास्तच बदलतो, त्यामुळे या युक्तीचे भक्त आणि टीकाकार दोघेही अजून आहेत. ब्रिटनमध्ये 2018 च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गाडीत मोठा फेरफार केलेला नसेल तरच. सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा प्रकारच बदलणं हा मोठा फेरफार धरतात. आयमध्ये स्लीव्ह घालणं त्यात येत नाही. सूट आहे म्हणजे तपासणारा कुणी नाही, हेही खरं, आणि झिजलेल्या किंगपिनवर नव्वद वर्षांची गाडी सरकारी अडथळ्याविना रस्त्यावर येऊ शकते ही गोष्ट मला फारशी आवडत नाही.

जोडणीकडे परत. नवे बुश दाबून बसवले की ते किंचित आक्रसतात, म्हणून रीमिंग बसवल्यानंतरच. दोन्ही कानांतले बुश एकाच सरळ रेषेत यायला हवेत. वरचा वेगळा, खालचा वेगळा असं रीम केलं तर प्रत्येक बुश स्वतंत्रपणे बरोबर असूनही पिन दोन्हींतून जाताना अडते. त्यासाठी लांब रीमर वापरतात, ज्याचा पुढचा भाग एका बुशात आधार घेतो आणि मागचा दुसऱ्या बुशात कापतो. बुशात ग्रीसचं भोक असेल तर ते स्टबच्या निपलसमोर आहे ना, हे दाबण्याआधी पाहायचं. दाबल्यावर कळलं तर नवा बुश लागतो. रीम झाल्यावर पिन बोटाने ढकलून जावी, हातोडीची गरज पडू नये. स्टब हाताने वळवला तर हलका अडसर जाणवावा, झुलू नये. वरखाली उरलेली फट योग्य जाडीचा वॉशर निवडून काढायची. मग कॉटर, नट आवळताना हातोडीची एक टकटक आणि पुन्हा आवळणं, म्हणजे ती खरोखर बसते. शे-दोनशे मैल झाले की नट एकदा परत पाहावा. नवी कॉटर सुरुवातीला जागा घेते आणि थोडी सैल पडते.

रेडियस रॉडचा गोळा याच वेळी पाहून घ्यावा. तो कपात सैल असेल तर ब्रेक मारताना सगळा बीम पिळतो, किंगपिनचा मागचा झुकाव तेवढ्यापुरता जातो, आणि गाडी नेमकी थांबताना भरकटते. नवी किंगपिन बसवूनही गाडी सरळ चालत नाही अशी तक्रार असली की कारण बरेचदा इथे सापडतं. पाट्याचे शॅकल बुशही तसेच. टाय रॉडच्या टोकांचे गोळे वळणाच्या मध्यावर जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते; मध्यावर घट्ट केले तर पूर्ण वळणावर अडतात, म्हणून झिजलेला गोळा नवाच घ्यावा. शेवटी चाकांचं तोंड किंचित आत आहे ना हे टायरवर खडूची रेघ मारून, पुढे आणि मागे मोजून पाहायचं.

एवढं करूनही स्टिअरिंग व्हीलला थोडा प्ले उरतोच, आणि तो आता ॲक्सलचा नसतो. सेव्हनच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये वर्म आणि दात्यांचं पूर्ण चाक आहे, आणि गाडी चालवताना त्या चाकाचा थोडाच भाग वापरला जातो. म्हणून बॉक्स उघडून चाक पाव वळसा फिरवून बसवलं की न वापरलेले दाते वर्मसमोर येतात. आधीच्या मालकांपैकी कुणी ते केलेलं असेल तर दात्यांवरच्या चकाकीवरून कळतं, आणि मग अजून कोरा भाग उरला आहे का ते शोधायचं. नसेल तर नवं वर्म आणि चाक जोडीनेच घ्यावं लागतं.